तोफगोळ्यावरचा निरोप

आमची शाळा सध्या युक्रेनमधल्या खार्किवच्या मेट्रो स्टेशनात, जमिनीखाली भरते. आम्ही मुलींनी घरी केलेले मधाचे केक विकले आणि सगळे पैसे आघाडीवर लढणाऱ्या यारेमादादाच्या तोफेसाठी पाठवले. त्याबदल्यात शत्रूवर डागायच्या एका गोळ्यावर आमचा निरोप लिहायचं त्याने कबूल केलं होतं. आज व्हिडिओ कॉलवर तो मार्कर उघडून तयारच होता.

"बोला गं पोरींनो, काय लिहू?"

"मरा मेल्यांनो!" सगळ्यात आधी मीच ओरडले. ओरिस्याने तर अशी शिवी सुचवली, की बाईंनी ती ऐकलीच नाही असं दाखवलं.

पण मान दिला दुसरीतल्या सोलोमियाला. गेल्याच महिन्यात पावाच्या रांगेवर बॉम्ब पडला, त्यात तिचे आजोबा गेले.

तिने फोन दोन्ही हातांत धरला आणि आपलं नाव, रस्ता, इमारत, मजला, सगळं सावकाश सांगितलं. यारेमादादा ते तसंच गोळ्यावर लिहू लागला.

"अगं ठमे, पत्ता कशाला?" मी विचारलं.

 

"माफी मागायला येतील ना ते! येऊ देत. कितीही बेल वाजवू देत, मी दार उघडणारच नाहीये."