चौथी खूण

शैलेंद्र पडला तो थेट डोकं धरूनच. आज दुपारपासून तिसऱ्यांदा. आधीच्या दोन वेळा गुडघा होता, एकदा डावा, एकदा उजवा, आणि दोन्ही मिनिटाभरात ठणठणीत झाले होते.

सुनेत्राने फिजिओची बॅग उचलली आणि बुटांना खिळ्यांचे पट्टे चढवून ती बर्फावर उतरली. सेमीफायनलची सहा मिनिटं उरली होती. टार्निट उपनगरातल्या मराठी आयटीवाल्यांचा हा आइस हॉकीचा संघ तीन-दोनने पुढे होता आणि शैलेंद्र त्याचा कॅप्टन होता. तिचा नवराही तोच, हे खरं दुखणं.

बदली खेळाडू मोजून तीन. त्यामुळे दम लागला की कुणीतरी पडायचं, सुनेत्राने सावकाश चालत जाऊन नसलेलं दुखणं चाचपायचं, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी पाणी प्यायचं, असं सीझनभर चाललं होतं. ती घरी भांडभांड भांडली. "अगं, या लीगमध्ये सगळेच पडतात," शैलेंद्र म्हणायचा. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. शेवटी तिने नाद सोडला आणि निमूट बॅग उचलायला लागली. त्याबद्दल तिला स्वतःचाच राग यायचा.

गेल्या रविवारी मात्र संघातला रुद्र खरंच पडला. कॉलरबोन मोडलं होतं. ती कठड्यापाशी "स्टॉप, स्टॉप" म्हणून ओरडत राहिली, आणि रेफरीने तिच्याकडे बघून चक्क मान फिरवली. खेळ चालू राहिला. रुद्र अर्धा मिनिट बर्फावर कण्हत पडून होता आणि त्याच्या डोक्याशेजारून स्केट्स सरसर जात होते. बावीस वर्षं लोकांची हाडं सांभाळणाऱ्या बाईच्या शब्दाला इथे काडीची किंमत उरली नव्हती.

आज रेफरी तोच होता. समोर सुतार-प्लंबरांचा संघ होता; त्यातला एक उंचापुरा सुतार त्याला कळवळून सांगत होता, "आय नेव्हर टच्ड हिम, मेट!" रेफरीने ऐकलं नाही. डोक्याला मारलं म्हणून त्याला बाहेर काढलं. सुतार खाली मान घालून निघाला. सुनेत्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तीही बर्फावर उभं असताना.

ती वाकली. हेल्मेटच्या जाळीतून शैलेंद्रने तिला डोळा मारला.

"काय होतंय?" तिने इंग्रजीत विचारलं, रेफरीला ऐकू जाईल असं.

"चक्कर येतेय," तोही इंग्रजीत कण्हला. "कानात आवाज येतोय. लाइट डोळ्यांत खुपतायत."

बुधवारी जेवताना त्याने विचारलं होतं, "डोक्याला मार लागला की नेमकं काय काय होतं गं?" चला, खेळाडूंची काळजी वाटायला लागली म्हणायची, असं वाटून तिला भरूनच आलं होतं. भात कालवता कालवता तिने तीन खुणा सांगितल्या. चौथी सांगणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि साहेब ताटावरून उठले. त्या तिन्ही खुणा त्याने आज पाठ म्हणून दाखवल्या होत्या.

सुनेत्राने बॅगेतून लीगचा फॉर्म काढला. एकेका रकान्यात टिक केली. चक्कर. कानात आवाज. उजेडाचा त्रास.

"डोक्याला मार," ती रेफरीला म्हणाली. "नियमाप्रमाणे एकवीस दिवस खेळ बंद."

शैलेंद्र ताडकन उठून बसला. फायनल पुढच्या रविवारी होती. रिंकचा कठडा धरून धडपडत स्केटिंग शिकला, तेव्हापासून आठ वर्षं तो त्या एका मॅचची वाट बघत होता.

"अगं, काय करतेयस?" तो मराठीत कुजबुजला. "खोटं होतं ते. तुला माहितीये!"

"मला माहितीये. त्याला सांग."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. कबूल केलं तर सोंग आणल्याची पेनल्टी, आणि सुतार परत खेळात. गप्प बसलं तर फायनल गेली. त्याने घड्याळाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग हेल्मेट काढून तो उभा राहिला आणि सगळ्या रिंकला ऐकू जाईल असं म्हणाला, "त्याने मला हातही लावला नाही. मी मुद्दाम पडलो. मला काहीही झालेलं नाही."

सीझनभरात त्याने बर्फावर बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. सुनेत्राला क्षणभर त्याचा अभिमान वाटला.

रेफरीने हात करून सुताराला परत बोलावलं. मग तो सुनेत्राकडे वळला, आणि या वेळी त्याने मान फिरवली नाही.

"तो ठीक आहे म्हणतोय," तो म्हणाला. "तुमचं काय मत?"

शैलेंद्रने सुटकेचा निःश्वास टाकला.

सुनेत्राने चौथ्या रकान्यात टिक केली आणि खाली सही केली.

"डोक्याला मार लागलेला प्रत्येक जण हेच म्हणतो."