गाडीला झेपेल तेवढं

“हेच घ्यायचं!” क्लाइव्हने पांढऱ्याशुभ्र कॅरव्हॅनच्या कुशीवर थाप मारली. बाजारात बैल पसंत करावा तशी.

चाकांवरचं अख्खं घर होतं ते. चौघांना झोपायची सोय, ओव्हन, न्हाणीघर. त्याची बायको जॅनिस केव्हाच आत शिरून कपाटांची उघडझाप करत होती. “थेल्मा, अगं ये ना आत! खिडकीजवळची ही जागा तुझी!”

क्लाइव्हची थोरली बहीण थेल्मा दाराशीच थांबली होती. दारालगत चिकटवलेली पट्टी ती वाचत होती. ग्रिम्सबीच्या मासळी बाजारात तिने तीस वर्षं वजनकाटा सांभाळला होता. आकडा दिसला की वाचल्याशिवाय तिचं पाऊल पुढे पडत नसे.

“सामान भरून चौदाशे ऐंशी किलो,” ती म्हणाली. “क्लाइव्ह, झेपेल तुझ्या गाडीला?”

“न झेपायला काय झालं? सोळाशेपर्यंत ओढते. पुस्तकात छापलंय तसं.”

“ओढेल हो,” विक्रीवाली कर्स्टी म्हणाली. समुद्रावरून बोचरा वारा येत होता. तिने हात बाह्यांत ओढून घेतले होते. “पण आवरेल का? तुमची ही पहिलीच वेळ ना? मग गाडीच्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांवर जाऊ नका. शेजारून एखादा मोठा ट्रक सुसाट गेला की मागचं घर डुलायला लागतं. ते जड असलं, तर गाडीलाच आपल्या तालावर नाचवतं.”

क्लाइव्हने कुरकुरत कागद काढले. गाडीचं वजन तेराशे ऐंशी. कर्स्टी फोनवर हिशेब करायला लागली, तोवर थेल्मा म्हणाली, “अकराशे त्र्याहत्तर. तीनशे सात किलो जास्त होतंय.”

“सामान थोडं कमी नेऊ.”

“तीनशे सात किलो, क्लाइव्ह. चहाची किटली नव्हे.”

कर्स्टी त्यांना आवाराच्या टोकाला घेऊन गेली. तिथे एक बुटकं, निळ्या पट्ट्याचं कॅरव्हॅन उभं होतं. भरून अकराशे तीस. क्लाइव्हचा चेहरा आधी पडला, पण कॅरव्हॅनचा दांडा गाडीमागच्या गोळ्यावर कसा बसवायचा हे कर्स्टी दाखवायला लागली, तसा तो गुडघ्यांवरच बसला. दांड्याचा भार गोळ्यावर फार नको, फार कमीही नको. जड सामान खाली, चाकांच्या वर; मागच्या टोकाला तर मुळीच नाही. पोरासारखा तो एकेक गोष्ट तळहातावर लिहून घेत होता. आतून जॅनिस ओरडली, “पडदे मी पिवळे लावणार हं!”

मग तिने आतले पलंग मोजले.

“क्लाइव्ह, इथे दोनच पलंग आहेत.”

दर उन्हाळ्यात तिघंही सुट्टीला एकत्रच जात. पुढे क्लाइव्ह आणि जॅनिस, मागे खाण्याची टोपली मांडीवर घेऊन थेल्मा.

“त्यात काय? मी गाडीत झोपेन,” क्लाइव्ह घाईने म्हणाला.

“किंवा राहू दे,” जॅनिस म्हणाली. “भाड्याचं घर काय वाईट होतं?” ती मनापासूनच म्हणत होती, हातातला पडदा तिने केव्हाच सोडून दिला होता.

जॅनिसमागोमाग आत आलेली थेल्मा, आपल्याला आता वाईट वाटणार, म्हणून वाट बघत राहिली. पण वाईट काही वाटेना. खिडकीतून तिला कुंपणालगतच्या गवतात काहीतरी दिसत होतं. सायीच्या रंगाचं, अंड्यासारखं गोल, जेमतेम एका माणसाला पुरेल एवढं कॅरव्हॅन.

ती बाहेर आली. गवतातून तरातरा चालत थेट त्याच्यापाशी पोचली.

“ह्याचं वजन किती?”

“ह्याचं?” कर्स्टी धापा टाकत मागोमाग आली. “भरून साडेसातशे. जुनं आहे, पण टायर नवे टाकलेत. कोणी विचारतच नाही ह्याला.”

“माझी गाडी एक हजार चाळीस किलोची. पंच्याऐंशी टक्के म्हणजे आठशे चौऱ्याऐंशी.” थेल्माचा आवाज चढत गेला. “एकशे चौतीस किलो शिल्लक राहतात, पोरी!”

“थांबा, थांबा. छोट्या गाड्यांना ओढायची परवानगीच नसते पुष्कळदा. पुस्तकात बघावं लागेल.”

“आहे. आठशे किलोपर्यंत.”

क्लाइव्ह येऊन पोचला होता. “तू तुझ्या गाडीचं पुस्तक कधी वाचलंस?”

“परवा.”

“कशाला?”

थेल्मा वाकून नव्या टायरवर बोट दाबून पाहू लागली. तिचे कान लाल झाले होते.

“अगं, जन्मात कधी गाडीमागे काही ओढलंयस का तू?”

“तू ओढलंयस?”

कर्स्टी खुदकन हसली. “सोमवारी आवार रिकामं असतं. या दोघंही. मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, भल्याभल्यांना घाम फुटतो. दोघांनाही शिकवते.”

“येते. हे मी घेतलं, दुसऱ्या कोणाला दाखवू नकोस,” असं म्हणत थेल्मा वाकून आत शिरली. डोकं छताला टेकलं. तिने बूट काढले, पलंगावर आडवी झाली आणि पाय ताणून पाहिले. बरोब्बर पुरले.

जॅनिसने दारातून डोकं आत घातलं. तिचे डोळे भरून आले होते. “आणि एकटी कुठे जाणार तू?”

“उत्तरेला,” थेल्मा छताकडे बघत म्हणाली. “बावीस वर्षं आपण दक्षिणेलाच जातोय.”