तिसऱ्या प्लेअरमधली मैफल

काकूंनी आमच्या दुकानातल्या तिन्ही म्युझिक प्लेअरवर एकच जुनी मैफल लावायला सांगितली. त्या मैफलीला काका त्यांच्या शेजारी बसले होते. आता काका नाहीत, पण रेकॉर्डिंगमध्ये कुठेतरी असतील, असा त्यांचा हिशोब.

पहिल्यावर गाणं आलं. दुसऱ्यावर तंबोराही आला. तिसऱ्याचे हेडफोन लावताच काकूंनी डोळे मिटले.

"आले! विचारताहेत, उठायचं का, भूक लागलीय. तेव्हा मी गप्प बसवलं होतं हो."

मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "चला, उठा."

मी घाईने त्यांचे हेडफोन घेऊन माझ्या कानांना लावले. बुवा गातच होते. मागच्या रांगेत खुर्ची करकरली आणि चपला दाराकडे निघाल्या.

"हाच पॅक करू?"

"कशाला? ते निघालेत तिथून," काकू पदर खोचत म्हणाल्या. "मला भात टाकायला हवा."