दारावरची थाप

क्लबहाउसच्या पायऱ्यांपाशी रंगनाथराव म्हणाले, "आता पायऱ्या आहेत. शेवटची जरा उंच आहे."

शर्मिलाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सोसायटी झाल्यापासून बाबा या पायऱ्या चढत होते. आईने त्यांचा हात घट्ट धरला होता. हल्ली ती त्यांना एकटं सोडतच नसे.

दिवाळीपासून त्यांचं हे सुरू झालं होतं. जे समोर दिसतंय तेच बोलून दाखवायचं. रिक्षा आली, मागे कुणी बसलेलं नाही. पानात चटणी डावीकडे आहे. खराडीहून रविवारी कोथरूडला येणाऱ्या शर्मिलाने या विषयावर बरंच वाचलं होतं. विस्मरणाची सुरुवात अशीच होते म्हणे. तिने मंगळवारची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. ते सांगितलं तेव्हा बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "नंतर बोलू." मग बाबा म्हणाले, जाऊ की, तेवढंच तुझं समाधान.

आज क्लबहाउसमध्ये सिनेमा होता. जुना, कृष्णधवल, रंगनाथराव आणि सुशीलाबाईंनी लग्नानंतर पाहिलेला पहिला हिंदी सिनेमा. खरं तर जवळजवळ पाहिलेला. शर्मिला त्याची गोष्ट ऐकतच मोठी झाली होती. गाणं शिकवणारा मास्तर गाव सोडून जातो. माडीवरची मुलगी वाट पाहते. केस पांढरे होऊ लागतात, आणि एका संध्याकाळी दारावर थाप पडते.

"मग?" छोटी शर्मिला विचारायची.

"मग शेवटची पीएमटी," बाबा म्हणायचे. बस चुकेल म्हणून दोघं त्या थापेवर थिएटरमधून उठून आले होते. पुढे तो सिनेमा पुन्हा कुठे लागलाच नाही.

यंदा एका संग्राहकाकडून शर्मिलाला त्याची प्रत मिळाली. तिने त्यावर एका मासिकात लेखही लिहिला, शेवट न सांगता. वाचलास का, असं विचारल्यावर आई म्हणाली होती, "ह्यांनी वाचून दाखवला. छान लिहितेस."

सिनेमा सुरू होण्याआधी शर्मिला माइकवर थोडं बोलली. शेवटच्या प्रसंगात एकही शब्द नाही, ती म्हणाली. दिग्दर्शकाने प्रेक्षकांच्या डोळ्यांवर विश्वास टाकला आहे, तो आपण सार्थ करू.

दिवे मालवले, आणि मागच्या रांगेतून पुटपुट सुरू झाली. ती माडीवर आहे. केस मोकळे आहेत. आता खाली बघतेय. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मान न वळवता म्हणाले, "कुणाचा तरी रेडिओ चालू राहिलाय वाटतं." चारजण हसले. शर्मिलाचे कान तापले. मध्यंतरात ती बाबांच्या समोरून गेली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मग ती थाप पडली. हॉलमध्ये कुणी हललं नाही. तेवढ्यात मागून स्पष्ट आवाज आला, "ती उठली."

"बाबा, इथे सगळ्यांना डोळे आहेत," शर्मिला म्हणाली.

सिनेमा संपल्यावर बोलायचं म्हणून हातात घेतलेला माइक चालूच होता. सगळा हॉल हसला.

बाबा गप्प झाले. त्यांनी आईच्या हातावर आपला हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. पडद्यावर ती बाई जिना उतरली, कडी काढून तिने दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. रिकामी गल्ली, वाऱ्याने हलणारा कंदील. दार तसंच उघडं ठेवून ती मागे फिरली. या सिनेमाचं मोठेपण शर्मिलाच्या मते इथेच होतं. तो कुणाची समजूत काढत नाही.

दिवे लागले तेव्हा आई विचारत होती, "संपला का?"

पायऱ्या उतरताना बाबा काहीच बोलले नाहीत. शेवटच्या पायरीवर आईचाच पाय जरा मुरगळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा गाळता गाळता, रंगनाथराव गेले.

घर माणसांनी भरलं. आई एका जागी बसून राहिली. मावश्या तिच्या हातात पाणी देत होत्या, ताट देत होत्या. ती नजर वर करत नाही याचं कुणाला नवल वाटलं नाही. शर्मिला आल्यागेल्याचं बघत होती आणि माइकमधून घुमलेला स्वतःचा आवाज ऐकत होती. मंगळवार आला, तेव्हा दवाखान्यातून फोन आला. पेशंट येणार नाहीत, एवढंच ती सांगू शकली.

मग एका दुपारी शेवटचे पाहुणेही गेले.

"तो सिनेमा आहे ना तुझ्याकडे?" आईने विचारलं. "थापेपासून लाव."

शर्मिलाला वाटलं, ही शिक्षा आहे, आणि ती योग्यच आहे. तिने टेबलावर लॅपटॉप उघडला, हवा तो प्रसंग शोधला आणि आईशेजारी सोफ्यावर बसली.

दारावर थाप पडली. पडद्याकडे पाहण्याचा तिला धीर होईना, म्हणून तिने आईकडे पाहिलं.

आईचं तोंड टेबलाकडे नव्हतंच, ते बाल्कनीकडे होतं. उन्हाची तिरीप थेट तिच्या डोळ्यांत पडली होती. तिने ते मिटले नव्हते.

"बोल ना," आई म्हणाली. "हे इथेच गप्प झाले होते."

लॅपटॉपमधून जिन्यावरची पावलं ऐकू येत होती. आईचा हात सोफ्यावर चाचपडत सरकत आला. शर्मिलाने तो धरला.

"ती उठली," ती म्हणाली. "जिना उतरतेय. कठड्यावर हात आहे. कडी काढली. दार उघडलं."

"आणि?"

पडद्यावर रिकामी गल्ली होती, वाऱ्याने हलणारा कंदील होता.

"तोच आहे, आई," शर्मिला म्हणाली. "आलाय."