पहिल्यात घाई आहे

“वाइन कुणी बनवत नसतं. ती आपोआप घडते, माणूस नुसता साक्षीला असतो,” असं वडील पाहुण्यांना सांगत होते, तेव्हा साक्षीदार टाकीच्या आत गुडघ्यांवर बसून ब्रशने तळ घासत होता.

साक्षीदार म्हणजे त्यांची मुलगी. सातव्या वर्षी ती टाकीच्या छोट्या दारातून सहज आत जायची, म्हणून ते काम तिच्याकडे आलं. आता एक्कावन्नाव्या वर्षी ती सहज जात नव्हती, पण काम तिच्याकडेच होतं.

मधल्या काळात ती सगळं शिकली. द्राक्षं कधी तोडायची, पिंप कधी हलवायचं आणि काकांना कधी उठवायचं. एकच गोष्ट राहिली होती. निरनिराळ्या पिंपांतली वाइन एकत्र करून तिने केलेलं मिश्रण अजून एकदाही बाटलीत गेलं नव्हतं.

दरवर्षी तीन मिश्रणं व्हायची: तिचं, काकांचं आणि वडिलांचं. ती पेले मांडायची, तोवर वडील पाठ फिरवून बसत. मग डोळे मिटून चव घेत आणि एक निवडत. तिचा पेला आधी, मग काकांचा, थोरले म्हणून वडिलांचा मानाने शेवटी. असं मांड म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरातलं वळणच तसं.

यंदा दुसऱ्या एका वाइनरीने तिला बोलावलं होतं. तिकडे तीच मुख्य असणार होती. संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. यंदा आपलं निवडलं तर राहायचं, नाहीतर निघायचं, असं तिने ठरवलं आणि पेले मांडले.

वडिलांनी तीन घोट घेतले, चव घेणाऱ्यांच्या रीतीने तिन्ही थुंकले.

“पहिल्यात घाई आहे,” ते म्हणाले. “दुसऱ्यात आळस आहे. तिसऱ्यात समज आहे. तिसरं भरा.”

काकांनी आळसाबद्दल कधी तक्रार केली नव्हती. आजही मान डोलावून ते झोपायला गेले. तिची मात्र पहिल्यातली घाई काढण्यात सव्वीस वर्षं गेली होती.

तिने फोनवर होकार कळवला, मग वडिलांना सांगितलं. आवाज चढवला नाही. तेवढा जोर उरला नव्हता.

“बाबा, माझं मिश्रण एकदा तरी बरं लागलं का हो?”

वडिलांनी तिसरा पेला बाजूला सारला.

“मला काय लागणार? तू पहिल्यांदा पेले मांडलेस ना, त्याच्या आदल्या हिवाळ्यात तापातून उठलो. तेव्हापासून जिभेला पाणी काय न् वाइन काय. सांगतो कुणाला? शेवटचा पेला निवडतो झालं. दरवर्षी वाटतं, यंदा तरी पोरगी स्वतःचा शेवटी ठेवेल.” ते खुर्चीत जरा पुढे सरकले. “निघालीच आहेस तर तेवढे माझे बूट ओढून दे. वाकवत नाही.”