वयाची अट

नुकत्याच पुसलेल्या फरशीवर चिखलाचे ठसे दिसले, आणि आजीचा पारा चढला. तिने नातीवर उगारलेला हात, नुकत्याच ड्युटीवरून आलेल्या तिच्या फौजदार मुलाने वरच्यावर धरला.

"आई, मुलांना मारायचं नाही. आता कायदा झालाय, थेट गुन्हा दाखल होतो."

"अरे, माझे धपाटे खाऊनच फौजदार झालास ना?"

"ते दिवस गेले. अठरा वर्षांखालच्या कुणालाही बोट लावायचं नाही!"

आजीने चष्मा चढवला आणि ठसे नीट न्याहाळले. चांगले भलेमोठे होते, आणि दारापासून थेट फौजदारसाहेबांच्या बुटांपर्यंत आले होते.

तिने बाह्या सरसावल्या.

"सोन्या, तुला अठरा पूर्ण झाली ना रे?"