शोकेसमधला सुरा

मेजरसाहेबांचा लढाईतला सुरा दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये मखमलीवर विराजमान होता. स्वयंपाकघरातल्या सुरीला भोपळा काही दाद द्यायचा नाही, म्हणून मेजरीणबाईंनी कधी तो सुरा मागितला, की मेजर कडाडायचे, "ज्यानं रणांगणात माझा जीव वाचवला, तो भोपळ्याला लावू? इतका घट्ट धरला होता मी, की मुठीवरचा माझा फौजी नंबरसुद्धा झिजून गेलाय!" मग बाई निमूटपणे मागच्या दाराच्या पायरीवर भोपळा आपटून फोडायच्या.

परवा मेजरांच्या तुकडीतला जुना दोस्त घरी आला. चहा अर्धा टाकून त्यानं पिशवीतून एक सुरा काढला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "मेजर, माफ कर. आघाडीवर निघायच्या आदल्या दिवशी तुझा सुरा मीच ढापला होता. छत्तीस वर्षं मनाला खातंय रे."

मुठीवर मेजरांचा नंबर ठसठशीत कोरलेला होता. मेजरांनी घसा खाकरला आणि चष्मा पुसायला घेतला.

मेजरीणबाईंनी शांतपणे शोकेस उघडली, मखमलीवरचा सुरा उचलला आणि आत जाता जाता म्हणाल्या, "तुम्ही बोला निवांत. मी तेवढा भोपळा चिरून घेते."